ठिगळाचं इमान

जुन्या लढाऊ विमानांचा इतिहास शोधणं हा माझा उद्योग आहे, असं मी कुणाला सांगितलं की यवतमाळात एकच प्रश्न येतो: काहून? मी चिडतो. कुणी क्रिकेटच्या धावा पाठ करतो, कुणी शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलजोड्यांची वंशावळ सांगतो, त्यांना कुणी काहून म्हणत नाही. माझ्या बायकोनं तर नातेवाइकांत सांगून ठेवलंय की, हे रिटायर झाल्यापासून लोखंडाच्या कुंडल्या मांडतात. विमानात लोखंड फार नसतं, अ‍ॅल्युमिनियम असतं, हे मी तिला अनेकदा समजावलं. ती म्हणते, मग गंज-पातेल्यांच्या कुंडल्या म्हणू का?

उद्योग तसा सरळ आहे. हवाई दलातून निवृत्त झालेली विमानं गावोगावच्या चौकांत, शाळा-कॉलेजांच्या मैदानांत चबुतऱ्यावर उभी असतात. त्यांच्या शेपटीवर नंबर असतो. त्या नंबरावरून ते विमान कारखान्यातून कुठं गेलं, कोणत्या तळावर राहिलं, कुठं मार खाल्ला, म्हातारपणी शिकाऊ वैमानिकांच्या हाती कसं आलं, मोडीत निघाल्यावर कुणाच्या ताब्यात गेलं, हे सगळं हुडकून काढायचं. बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो आणि आधी कुणाच्या दावणीला होता ते विचारतो, त्यातलाच प्रकार. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, निवृत्त हवाई जवानांच्या ग्रुपवर विचारतो, कुणाच्या तरी तरुणपणीच्या फोटोत मागं उभ्या असलेल्या विमानाचा नंबर भिंगातून पाहतो. नोकरीचा सगळा काळ टेलिफोन खात्यात तुटलेल्या लाईनी शोधण्यात गेला. लाईन तुटली की दोन्ही टोकांकडून तपासायची असते. विमानाचं एक टोक कारखाना आणि दुसरं टोक चौक, मधे कुठं तुटलं ते मी पाहतो.

माझ्या दोन खोडी आधीच सांगून टाकतो. एक म्हणजे आठवणीला मी पुरावा मानत नाही. माणसं खोटं बोलत नाहीत, पण आठवण बोलते. दुसरी खोड शुद्ध बोलण्याची. आमच्याकडं जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. मी लगेच टोकतो की इमान वेगळं आणि विमान वेगळं. सासऱ्यांना तर मी त्यांच्याच अंगणात टोकलं होतं. तेव्हा बायको म्हणाली होती, "वरून आवाज आला की सगळ्याइले समजते कोणतं हाय ते. तुमालेच समजत नाई."

तर आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका शाळेच्या मैदानात असं एक विमान आहे. एकाच वैमानिकाची जागा असलेलं, बुटकं, नाक वर करून उभं असलेलं लढाऊ विमान. शाळेच्या समितीला सव्वीस जानेवारीच्या आत त्याच्यासमोर माहितीचा दगड बसवायचा होता. मजकूर लिहून द्या म्हणून अध्यक्षांनी मला बोलावलं. मी आनंदानं एसटीनं गेलो, शेपटीवरचा नंबर पाहिला: 968. घरी येऊन माझ्या याद्या उघडल्या आणि डोक्याला हात लावला. तो नंबर एका अगडबंब मालवाहू विमानाचा होता आणि ते विमान कधीच दूरच्या एका तळावर तोडून भंगारात गेलं होतं. म्हणजे शेळीच्या कानात म्हशीचा बिल्ला.

शाळेकडं कागद होते का? होते, पण ऑफिस एका इमारतीतून दुसरीत नेताना कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विमान आलं त्या काळचे मुख्याध्यापक वारले होते. विमान काही वर्षांनी एकदा रंगवलं होतं, तेवढं शिपायाला आठवत होतं. अध्यक्ष म्हणाले, जो नंबर दिसते तो लिहून टाका साहेब, कोण पाहते? मी भडकलो. कागदावरचं खोटं वाळवी तरी खाते, दगडावरचं नातवंडं वाचतात, असं बरंच काही बोललो. त्यांनी चहा मागवला आणि मला दगडवाल्याची तारीख सांगितली.

त्याच आठवड्यात मला फोन आला. बोलणारी बाई त्या गावात अंगणवाडी सेविका होती. शाळेत दगड बसणार हे तिनं ऐकलं होतं आणि तिच्या आईला माझ्याशी बोलायचं होतं. आई बोरी अरबच्या पुढं एका तांड्यावर राहायची. बंजारा समाजाची, वयानं माझ्याहून मोठी, फोनवर जरा मोठ्यानं बोलणारी.

"भाऊ, तुमी इमानाचं शोधून राह्यले म्हणे."

"विमानाचं, मावशी," मी म्हणालो.

"तेच तं," ती म्हणाली आणि थेट मुद्द्यावर आली.

तिचा नवरा हवाई दलात होता. वैमानिक नव्हे, विमानाच्या पत्र्याचं काम करणारा. तांड्यातला हवाई दलात गेलेला तो पहिला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख तुडवायचे, म्हणून तो थट्टेनं म्हणायचा की आमच्या घराण्यानं जनावर तेवढं बदललं. नोकरी संपल्यावर त्यानं बरीच वर्षं नागपुरात चौकीदारी केली आणि उतारवयात गावी परतला. एकदा लेकीकडं गेला असताना शाळेच्या मैदानातलं विमान त्याला दिसलं. तो रस्त्यातच थांबला. लेकीला म्हणाला, हे माझं आहे. लढाईच्या वर्षी याच्याच पोटाशी मी झोपायचो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो तांड्यातल्या माणसांना तिथं घेऊन गेला. कुणीतरी विचारलं, तुझ्या विमानाचा नंबर काय होता? तो म्हणाला, एकशे चौऱ्याहत्तर. सगळ्यांनी वर पाहिलं. शेपटीवर 968. एकही आकडा जुळत नव्हता. त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, नंबर खोटा आहे, विमान माझंच आहे. मग तर लोक पोट धरून हसले. सरकारचा नंबर खोटा आणि हा एकटा खरा! तेव्हापासून तांड्यात म्हणच पडली. कुणी मोठी बात सांगितली, पोराला चांगले मार्क पडले म्हणालं, विहिरीला पाणी लागलं म्हणालं, की लोक म्हणायचे, आलं याचं इमान. म्हातारा त्यानंतर हवाई दलाबद्दल बोलेनासा झाला. लेकीकडं जायचं तर शाळेचा रस्ता टाळून मागच्या गल्लीनं जायचा. दोनेक वर्षांमागे तो गेला.

हे सगळं तिनं न रडता सांगितलं. शेवटी जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मी नाई म्हणत का तो खराच होता. मी कोठी गेलती पाहाले? मी इकडं वावरात होती. पन तुमी पाहा. खरं असंन तं खरं सांगा, खोटं असंन तं तेबी सांगा, मी काई मरत नाई. माह्या माणसाचं इमान खरं होतं का खोटं, तेवढंच मले मरायच्या आंधी पायजे."

मी माझ्या सवयीनं म्हणालो की आठवण म्हणजे पुरावा नसतो. यावर तिला राग यायला हवा होता. ती म्हणाली, मग पुरावा सांगते. विमानाच्या पोटाला डाव्या पंखाखाली एक झाकण आहे. ते झाकण त्या विमानाचं नाही. मूळचं झाकण लढाईत खालून आलेल्या गोळीनं फाटलं, म्हणून नवऱ्यानं बाजूला नादुरुस्त पडलेल्या दुसऱ्या विमानाचं काढून याला बसवलं. ठिगळ, असं तो म्हणायचा. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या विमानाचा नंबर आहे, एकशे एकोणनव्वद. हे त्यानं तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला जात्यावरच्या ओवीसारखं पाठ झालं होतं.

मी दोन्ही नंबर वहीत लिहून घेतले. त्या काळच्या विमानांची झाकणं हातानं घासून बसवलेली असत. एकाचं दुसऱ्याला सरळ बसत नसे, म्हणून प्रत्येक झाकणाच्या आत त्या-त्या विमानाचा नंबर टाकत. हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. पण माझ्या डोक्यातला चिकित्सक लगेच म्हणाला की यावरून तो हवाई दलात पत्र्याचं काम करायचा एवढंच ठरतं, हेच ते विमान हे ठरत नाही.

मी 174चा शोध घेतला. या नंबराचं विमान होतं, त्याच बुटक्या जातीचं. लढाईच्या वर्षी ते पूर्वेकडच्या एका तळावर होतं. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्याच्या पोटाला इजा झाली, तळावरच दुरुस्ती झाली आणि ते पुन्हा उडालं. नंतर ते दोन तुकड्यांत फिरलं, शेवटची वर्षं शिकाऊ वैमानिकांनी त्याला दामटलं, मग ते सेवेतून बाद झालं. शेवटची नोंद मोघम होती: एका शैक्षणिक संस्थेस शोभेसाठी दिले. कोणत्या, ते नव्हतं. म्हणजे 174 ला शेवट नव्हता आणि मैदानातल्या विमानाला सुरुवात नव्हती. लाईनीवर काम केलेला कुणीही माणूस ही दोन टोकं लगेच जोडून मोकळा झाला असता.

मला ते जोडवेना. एक आकडा चुकला असता तर पेंटरची चूक म्हणालो असतो. तिन्हीच्या तिन्ही कसे चुकतील? एकशे चौऱ्याहत्तरचं कुणी नऊशे अडुसष्ट कसं करील? मैदानात जाऊन बाहेरून पाहिलं. नंबराची मूळ पट्टी जिथं असते तिथं रिव्हेटची भोकं तेवढी राहिली होती, पट्टी कुणीतरी काढून नेली होती. झाकण उघडू द्या म्हणालो तर अध्यक्ष म्हणाले, सबळ कारण द्या, उद्या पत्रा निखळला तर पालक माह्यावर येतीन. मी लेकीला फोन करून स्पष्ट सांगितलं की आईला फार आशा लावू नका. ती फक्त "बरं" म्हणाली. ते 'बरं' मला दिवसभर टोचत राहिलं.

मग पांढरकवड्याला साडूच्या मुलीचं लग्न निघालं. परतताना बसस्थानकावर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी तेलंगणातून आलेले एक गृहस्थ बायकोसह सामान घेऊन उभे होते. चौकशीच्या खिडकीवर त्यांना सांगितलं होतं की नागपूरची गाडी सहा नंबरच्या फलाटावर लागते. गाडी लागली, भरली आणि गेली, हे मात्र जागचे हलले नाहीत. गाडी गेल्यावर माझ्यावर उखडले, जणू मीच ड्रायव्हर होतो. मी त्यांना हिंदीत म्हणालो, भाईसाब, आप गलत फलाट पर खड़े हैं. त्यांनी डोक्यावरच्या पाटीकडं बोट केलं. "यह छह नहीं तो क्या है?"

पाटीवर ७ होता. मराठी सात.

मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. पाटीकडं मी त्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्याला आपले आकडे येत नाहीत आणि इंग्रजी तेवढे येतात, त्याला आपला सात म्हणजे सहाच. खिशातलं पेन काढून मी तळहातावर १७४ लिहिलं आणि हात त्यांच्यासमोर धरला. म्हणालो, वाचा. ते जरा मागं सरकले. बायकोनं त्यांची बाही धरली. तरी त्यांनी वाचलं.

"नाइन, सिक्स, एट."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तशी सोय नव्हती, म्हणून मी त्यांची बॅग उचलून त्यांना खऱ्या सहा नंबरवर नेऊन बसवलं आणि पुढची गाडी लागेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. तेवढ्यात माझी यवतमाळची गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या तालुक्याच्या गावचा पेंटर शोधला. गावात दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं तोच रंगवतो. विमानाचं विचारल्यावर त्याला अभिमानच वाटला. जुना रंग घासण्याआधी त्यानं नंबर शाळेच्या भिंतीवर कोळशानं उतरवून ठेवला होता. कोणत्या आकड्यांत? या प्रश्नावर तो हसला. आपल्याच, दुसऱ्या कोणत्या? मग त्याला ताप भरला. शेपटीचं काम त्याच्या जोडीदारानं पुरं केलं. जोडीदार आदिलाबादच्याही पलीकडचा, अक्षर सुबक, इंग्रजी आकडे छापल्यासारखे काढायचा. पेंटर बरा होऊन आला तेव्हा काम झालं होतं, छान दिसत होतं, भिंतीला चुना लागला होता. जुळवून पाहायला काही उरलंच नव्हतं, आणि पाहावं असं वाटलंही नाही.

मी त्याला तळहात दाखवला आणि हे इंग्रजी आकडे समजून वाच म्हणालो. आदल्या दिवशीची शाई पुसट झाली होती, पण वाचता येत होती. तो पाहत पाहत पायरीवर बसला. "म्हणजे तो बुढा खरं सांगत होता का?" त्यानंही तो किस्सा ऐकला होता. कदाचित हसलाही असेल. मी त्याला म्हणालो, अजून ठरलेलं नाही, झाकण उघडल्यावर ठरेल. पण एक गोष्ट मला तिथं पायरीवर उभ्या उभ्या जाणवली आणि फार हलकं वाटलं. या सगळ्या प्रकरणात खोटं कुणीच बोललं नव्हतं. जोडीदारानं त्याला दिसलं ते इमानेइतबारे लिहिलं होतं.

आता सबळ कारण होतं. अध्यक्षांनी परवानगी दिली, वर गावातला एक गॅरेजवाला दिला. सकाळच्या उन्हात आम्ही विमानाखाली जमलो. मावशी बोरी अरबहून एसटीनं आली होती, सोबत लेक. मागून एका टेम्पोत तांड्यातली काही माणसंही आली. त्यांना कुणी बोलावलं ते मी विचारलं नाही. ती गंमत पाहायला आली आहेत हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

गॅरेजवाल्यानं स्क्रूंवर डिझेल सोडलं. मी आधी उजवीकडचं एक झाकण उघडायला सांगितलं. ते निघालं. आत फिकट रंगात 174 होता. मी मोठ्यानं वाचला. माणसांत कुजबुज झाली. माझ्या दृष्टीनं विमानाची ओळख पटली होती, दगडाचा प्रश्न मिटला होता. मी मावशीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "ते झाकण खोला."

तिचं बरोबर होतं. 174 म्हणजे विमान. नवऱ्याचा हात लागला होता तो डाव्या पंखाखालच्या झाकणाला. कुणी म्हणू शकलं असतं की नंबर त्यानं कुठूनतरी ऐकला असेल. पण इतकी वर्षं बंद असलेल्या झाकणाच्या आत काय आहे, हे बसवणाऱ्याशिवाय कोण सांगणार?

ते झाकण निघेना. एक स्क्रू तुटला, एक ड्रिलनं काढावा लागला. आत काहीच निघालं नाही तर या बाईला काय सांगायचं, हे मी ठरवून आलो नव्हतो. हवाई दलानं नंतर कधीतरी झाकण बदललं असेल तर? म्हातारा खरा असूनही खोटा ठरला असता. मी कधी देवाला नवस बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

झाकण एकदम सुटलं आणि गॅरेजवाल्याच्या हातात आलं. आत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधली होती. नंबराची जागा त्याच मातीखाली होती. मी रुमाल पाण्यात भिजवून हळूहळू पुसत गेलो. आधी 1 दिसला. मग 8. शेवटच्या आकड्यावरची माती घट्ट होती. ती निघाली आणि खाली 9 होता.

"एकशे एकोणनव्वद," मी म्हणालो. डोळे भरून आले आणि ते लपवावेत असं मला वाटलं नाही.

"नीट पाहा, भाऊ. उलटंसुलटं तं नाई वाचून राह्यले?"

मी झाकण तिच्या लेकीच्या हातात दिलं. लेकीनं वाचलं, मग आईच्या कानाशी जाऊन त्यांच्या बोलीत पुन्हा वाचलं, "याडी" म्हणून हाक मारत, रडत. मावशी चबुतऱ्याच्या कडेला बसली. तिनं झाकण मांडीवर घेतलं आणि कडेच्या भोकांवरून बोट फिरवलं. एका बाजूची भोकं गोल नव्हती, लांबट झाली होती. दुसऱ्याचं झाकण म्हणून ती जुळत नव्हती, कुणीतरी कानस मारून ती सरकवून घेतली होती. एका भोकाशी कानस जरा घसरली होती. तिचं बोट तिथं थांबलं.

"हे त्याचंच," ती म्हणाली. "घरच्या कडीकोयंड्यालेबी असंच करे. घाई करे."

तांड्यातल्या माणसांमधून एक वयस्क गृहस्थ पुढं आला. झाकण हातात न घेता त्यानं वाकून पाहिलं. मग तिला म्हणाला, "वयनी, पहिले मीच हासलतो." तिनं वर पाहिलं. मला वाटलं आता इतक्या वर्षांचं काढील. तिनं काढलं नाही. म्हणाली, "हासले तं हासले. आता तुमीच सांगा तिकडं. म्हना, इमान खरं निंगालं."

मी शेजारीच होतो. तोंडात 'वि' आला होता. तो मी गिळला. तिनं पहिल्या दिवशी फोनवर काय विचारलं होतं ते मला त्या क्षणी नीट ऐकू आलं, आणि माझ्या शुद्ध भाषेची मला लाज नाही, पण गंमत वाटली. मी विमान शोधत होतो. ती मला कधीपासून दुसरंच शोधायला सांगत होती, आणि दोन्हीला तिच्याकडं शब्द एकच होता.

पेंटरनं शेपटीवरचा नंबर स्वतः बदलला. या वेळी तो खाली उतरून लांब गेला, परत आला आणि दोनदा वाचला. दगडाचा मजकूर मी लिहिला. कारखान्यापासून शाळेच्या मैदानापर्यंतची सगळी वाट त्यात आहे. शेवटी एक ओळ आहे की या विमानाच्या पोटाचं एक झाकण दुसऱ्या विमानाचं असून ते लढाईच्या वर्षी याच जिल्ह्यातल्या तांड्यावरच्या एका जवानानं आपल्या हातानं बसवलं. अध्यक्षांना ती ओळ लांब वाटली. मी म्हणालो, हवी तर वरची कुठलीही काढा. सगळे आकडे मी अक्षरांत कोरायला लावले. या मुलखात आकड्यांचा भरवसा नाही.

झाकण पुन्हा आपल्या जागी लावलं आहे. सव्वीस जानेवारीला मावशी आली होती, मुख्य रस्त्यानंच आली. लेक सांगते की तांड्यातली जुनी म्हण आता बंद पडली. आता कुणी मोठी बात सांगितली तर लोक म्हणतात, झाकण खोल. हेही थट्टेनंच म्हणतात, पण यात निदान दाखवायची संधी मिळते.

परवा मावशीचा फोन आला. तब्येत, पाऊस, तूर, सगळं विचारून झालं. मग तिनं विचारलं की, ज्या दुसऱ्या विमानाचं झाकण काढलं त्याचं पुढं काय झालं? ते तसंच उघडं राहिलं का? नवऱ्यालाही कधीकधी त्याची रुखरुख लागायची.

खरं तर मी 189चा शोध सुरू केलाच होता. दोन ठिकाणी अर्ज टाकले आहेत. ग्रुपवर एकानं सांगितलं की त्या नंबराचं विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडाल्याचं त्याला आठवतं. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी त्याला लिहिलं, पण जरा नरमाईनं.

"पाहून राह्यलो, मावशी," मी म्हणालो. "त्या इमानाचंबी पाहून राह्यलो."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "विमानाचं."